दिनविशेषातली एक ओळ आणि दुधाचे दात

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या ५ ऑगस्टच्या अंकात 'दिनविशेष' या सदरात '१९६३ : अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत रशिया यांच्यात मॉस्को येथे अणुचाचणी बंदी करार' अशी नोंद आली आहे. तारीख बरोबर आहे, ठिकाण बरोबर आहे, तिन्ही देशही बरोबर आहेत. तरीही ती वाचून मी अस्वस्थ झालो, आणि त्याची कारणे सांगताना हे पत्र लांबणार आहे. त्याबद्दल आधीच दिलगिरी व्यक्त करतो.

यात पहिला दोष माझाच आहे. मी तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला आणि हीच ओळ वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. 'टीपा लिहा' या प्रश्नात हा करार हमखास असे. क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून झालेला पेचप्रसंग, केनेडी आणि ख्रुश्चेव्ह यांचा समंजसपणा, तीन देशांच्या सह्या, भूमिगत चाचण्यांना मुभा असे चार मुद्दे मी मुलांना लिहून देत असे आणि चार मुद्द्यांना चार गुण मिळत. निवृत्तीनंतर निवांतपणे वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की यातला चौथा मुद्दा मला स्वतःलाच कधी कळलेला नव्हता. हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात चाचण्या नकोत, पण जमिनीखाली चालतील, अशी रेघ नेमकी भूपृष्ठावर का ओढली गेली? बाँब वाईट असेल तर तो जमिनीखालीही वाईटच असला पाहिजे. मी हा प्रश्न कधी वर्गात विचारला नाही, आणि मुलांनी विचारला असता तर मला उत्तर देता आले नसते.

आपल्या नोंदीतून 'आंशिक' हा शब्द गळला आहे, आणि या साऱ्या प्रकरणाचे मर्म माझ्या मते त्याच शब्दात आहे. करार आंशिक का राहिला हे समजून घ्यायचे असेल तर मॉस्कोतल्या सह्यांच्या मेजापासून नऊ वर्षे मागे, प्रशांत महासागरात जावे लागते.

१ मार्च १९५४ रोजी पहाटे अमेरिकेने मार्शल बेटांपैकी बिकिनी या कंकणद्वीपावर 'कॅसल ब्राव्हो' नावाचा हायड्रोजन बाँब उडवला. स्फोट सुमारे ६ मेगाटनचा होईल असा अंदाज होता, प्रत्यक्षात तो १५ मेगाटनचा झाला (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी या स्फोटकाइतका जोर). म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट. चूक अणुविज्ञानाच्या पाटीवरची होती. बाँबमधल्या घन इंधनातले बरेचसे लिथियम लिथियम-७ या प्रकारचे होते आणि ते स्फोटात स्वस्थ बसून राहील असे शास्त्रज्ञांनी गृहीत धरले होते. ते स्वस्थ बसले नाही. वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली त्यातूनही ट्रिटियम, म्हणजे बाँबला इंधन ठरणारा हायड्रोजनचा जड प्रकार, तयार झाले आणि आगीत तेल पडले. प्रवाळाचा प्रचंड थर भाजून, भुकटी होऊन आकाशात गेला आणि वाऱ्याबरोबर पूर्वेकडे सरकला.

पूर्वेकडे जपानच्या याइझु बंदरातून आलेली 'दाइगो फुकुर्यू मारू' ही ट्यूना पकडणारी नौका होती. अमेरिकेने जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राच्या ती बाहेर होती. नौकेवर २३ खलाशी होते. त्यांनी पहाटेच्या अंधारात पश्चिमेला सूर्य उगवल्यासारखा उजेड पाहिला, काही मिनिटांनी आवाज ऐकला आणि दोन-तीन तासांनी त्यांच्या अंगावर पांढरी भुकटी पडू लागली. पाण्यात सोडलेले मैलोन् मैल लांबीचे गळ टाकून पळणे त्यांना परवडणारे नव्हते, म्हणून ती माणसे कित्येक तास त्या भुकटीतच गळ ओढत राहिली. डेकवर इतका थर साचला की पावलांचे ठसे उमटत होते. एकाने तर ती काय आहे हे पाहण्यासाठी जिभेवर ठेवून पाहिली. १४ मार्चला नौका याइझुला लागली तोवर कातडी भाजून काळी पडली होती, केस गळू लागले होते आणि पकडलेले मासे बाजारात रवाना झाले होते. जपानी वर्तमानपत्रांनी त्या भुकटीला 'मृत्यूची राख' हे नाव दिले. नौकेचे रेडिओ ऑपरेटर आयकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. त्यांचा मृत्यू किरणोत्साराने झाला की उपचारात दिलेल्या रक्तातून आलेल्या काविळीने झाला, यावर दोन देशांचे डॉक्टर वाद घालत राहिले. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी तर नौका धोक्याच्या क्षेत्राच्या आतच असली पाहिजे, असे जाहीर सांगून टाकले होते.

बिकिनीपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर रोंगेलॅप या बेटावर लोकवस्ती होती. तिथेही ती राख पडली. बर्फ कधी पाहिलेला नसलेली मुले तिच्यात खेळली. त्यांना बेटावरून हलवायला दोन दिवस लागले. एप्रिल महिन्यात मार्शल बेटांच्या रहिवाशांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला की हे प्रयोग थांबवावेत, आणि थांबवता येत नसतील तर निदान पुरेशी काळजी घ्यावी. तो अर्ज दफ्तरी दाखल झाला आणि १९५८ पर्यंत त्या बेटांवर चाचण्या चालूच राहिल्या. एकूण ६७ चाचण्या झाल्या. या लोकांचा उल्लेख मी कधी वर्गात केला नाही.

जपानात मात्र गोष्ट तिथे थांबली नाही, कारण ती बाजारात पोहोचली होती. मासळीबाजारात किरणोत्सार मोजणारी गायगर यंत्रे घेऊन तपासनीस उभे राहिले, दूषित ट्यूना जमिनीत पुरला गेला आणि शेकडो नौकांच्या मासळीत किरणोत्सार सापडला. टोकियोच्या सुगिनामी भागात सार्वजनिक सभागृहात जमणाऱ्या गृहिणींच्या वाचनमंडळाने, सभागृहाचे संचालक आणि कायद्याचे प्राध्यापक काओरु यासुइ यांच्या साहाय्याने, मे १९५४ मध्ये सह्यांची मोहीम सुरू केली. मासळी विकणाऱ्यांच्या बायका त्यात आघाडीवर होत्या, कारण धंदा त्यांचा बुडाला होता. दोन महिन्यांत त्या एका भागातून अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि वर्षभरात देशभरातून ३ कोटींच्या पुढे गेल्या. हिरोशिमा-नागासाकीवर बाँब पडल्यानंतरची सात वर्षे जपान परकीय ताब्यात होता आणि त्या काळात अणुबाँबच्या परिणामांवर मोकळेपणाने लिहिण्याची सोय नव्हती. जे १९४५ च्या दोन बाँबांनी मोठ्याने बोलता आले नाही, ते १९५४ च्या माशाने बोलायला लावले, असे म्हटले तर ते फार वावगे ठरू नये.

याच सुमारास, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत निवेदन केले की निःशस्त्रीकरणाचा पूर्ण करार होईल तेव्हा होईल, तोवर या स्फोटांपुरता तरी 'जैसे थे' करार करावा. चाचण्यांना बाकीच्या निःशस्त्रीकरणापासून वेगळे काढून त्या थांबवाव्यात, ही मागणी एका देशाच्या सरकारच्या प्रमुखाने जगापुढे पहिल्यांदा मांडली ती तेव्हा. आपल्या नोंदीत निदान हे तरी हवे होते.

आता शास्त्राकडे वळतो. स्फोटातून उडालेल्या धुळीत अनेक किरणोत्सारी द्रव्ये असतात, पण त्यांतले स्ट्रॉन्शियम-९० हे विशेष घातक. रसायनशास्त्राच्या तक्त्यात स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या खालच्याच घरात बसते, त्यामुळे शरीराला दोघांतला फरक नीट कळत नाही. ढगांतून पावसात, पावसातून गवतात, गवतातून गाईत, गाईतून दुधात आणि दुधातून वाढत्या मुलाच्या हाडांत असा त्याचा प्रवास होतो. त्याचे अर्धायुष्य (निम्मे द्रव्य क्षीण व्हायला लागणारा काळ) सुमारे २९ वर्षांचे आहे, म्हणजे एकदा हाडात बसले की ते मुलाबरोबर मोठे होते. आई मुलाला 'दूध पी, हाडे मजबूत होतील' म्हणून आग्रह करते, त्याच वाटेने हे आत जाते. राजकारणाच्या दृष्टीने या द्रव्याचे सगळे वजन या एका गोष्टीत होते, कारण महासत्तांच्या शस्त्रांची संख्या कुणा गृहिणीच्या हिशेबात बसणारी नव्हती, पण दुधाचा पेला बसणारा होता.

अमेरिकी सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. अणुऊर्जा आयोगाने १९५३ पासून 'प्रोजेक्ट सनशाइन' नावाखाली जगभरातून मानवी हाडांचे नमुने गोळा करून त्यांतले स्ट्रॉन्शियम मोजायला सुरुवात केली होती. त्यासाठी मृत अर्भकांची हाडे लागत आणि ती अनेकदा आईबापांना न विचारता मिळवली जात. आयोगाचे एक सदस्य विलार्ड लिबी यांनी १९५५ मधल्या एका गुप्त बैठकीत असे उद्गार काढले की प्रेते पळवण्याचे काम कुणाला चांगले जमत असेल तर तो देशसेवाच करील. या बैठकीचे कागद चार दशकांनी बाहेर आले. हे लिबी म्हणजे कार्बन-१४ या कार्बनच्या किरणोत्सारी प्रकारावरून प्राचीन वस्तूंचे वय काढण्याची पद्धत शोधणारे आणि त्यासाठी १९६० चे नोबेल मिळवणारे तेच शास्त्रज्ञ. त्यांचा पुन्हा उल्लेख येईल.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवतो. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात १९५८ मध्ये काही शास्त्रज्ञ, दंतवैद्य आणि नागरिक यांनी अणुविषयक माहितीसाठी एक समिती स्थापन केली. बॅरी कॉमनर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे एक चालक. बाँबच्या बाजूने किंवा विरुद्ध न बोलता लोकांना समजेल अशी माहिती द्यायची, निर्णय लोक घेतील, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी हर्मन काल्कार या जीवरसायनशास्त्रज्ञाने सुचवले होते की मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले तर हाडे न मागताही स्ट्रॉन्शियम मोजता येईल. समितीने ते मनावर घेतले आणि डिसेंबर १९५८ मध्ये दात मागायला सुरुवात केली.

या मागणीतली युक्ती मला फार आवडते. दुधाच्या दाताचे कवच आईच्या पोटात असताना आणि जन्मानंतरच्या पहिल्या वर्षात तयार होते. तो पडतो मात्र सहा-सात वर्षांनी. म्हणजे १९५८ मध्ये पडलेला दात १९५१ किंवा १९५२ मधल्या दुधाची नोंद घेऊन येतो. जुनी हवा आणि जुने दूध कुणी बाटलीत भरून ठेवले नव्हते, मुलांच्या तोंडात मात्र ते जपून राहिले होते. आया दात पाकिटात घालून त्याबरोबर एक कार्ड भरून पाठवत. गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावर पीत होते की बाटलीने, असे प्रश्न त्या कार्डावर असत. दात पाठवणाऱ्या मुलाला एक बिल्ला मिळे. त्यावर दात पडलेल्या हसऱ्या मुलाचे चित्र आणि 'मी माझा दात विज्ञानाला दिला' हे शब्द असत. तिथली मुले पडलेला दात गोष्टीतल्या 'दाताच्या परी'साठी ठेवतात. तो विज्ञानाकडे वळवणे सोपे नव्हते, पण शाळा, ग्रंथालये आणि दंतवैद्यांच्या मदतीने ते जमले. १९७० पर्यंत ३ लाखांहून अधिक दात जमा झाले. एकीकडे आईबापांना न विचारता मिळवलेली हाडे, दुसरीकडे बिल्ल्याच्या मोबदल्यात राजीखुशीने दिलेले दात, आणि मोजायचे द्रव्य एकच.

डॉ. लुईझ राइस या सर्वेक्षणाच्या प्रमुख होत्या. पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलांच्या दातांत स्ट्रॉन्शियम-९० वर्षागणिक वाढत गेलेले दिसत होते आणि बाटलीच्या दुधावर वाढलेल्या मुलांत ते अंगावर पिणाऱ्यांपेक्षा जास्त होते. ब्राव्होनंतरच्या मोठ्या चाचण्यांच्या काळात जन्मलेली मुले अजून दात पडायच्या वयाला पुरती आलीही नव्हती.

सेंट लुइसचा दुसरा धागा लायनस पॉलिंग यांचा. रसायनशास्त्राचे नोबेल मिळवलेल्या या गृहस्थांनी मे १९५७ मध्ये याच शहरातल्या व्याख्यानानंतर कॉमनर आणि भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन यांच्याबरोबर बसून शास्त्रज्ञांच्या नावे चाचणीबंदीचे आवाहन लिहिले. जानेवारी १९५८ मध्ये ते संयुक्त राष्ट्रसंघाला दिले तेव्हा त्यावर जगभरातल्या ९ हजारांहून अधिक शास्त्रज्ञांच्या सह्या होत्या. १९६० मध्ये सेनेटच्या उपसमितीने त्यांना बोलावून सह्या कुणी गोळा केल्या त्यांची नावे मागितली आणि त्यांनी ती देण्यास नकार दिला. एप्रिल १९६२ मध्ये तर त्यांनी व्हाइट हाउसबाहेर फलक घेऊन निदर्शने केली आणि त्याच संध्याकाळी केनेडींनी नोबेल मानकऱ्यांना दिलेल्या मेजवानीला कपडे बदलून आत गेले. अर्थात शास्त्रज्ञ सगळे एका बाजूला होते असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकी हायड्रोजन बाँबचे एक जनक एडवर्ड टेलर यांनी दूरचित्रवाणीवर पॉलिंग यांच्याशी वाद घालताना धुळीचा धोका फुगवून सांगितला जात आहे असा मुद्दा हिरिरीने मांडला, आणि अल्प किरणोत्साराच्या परिणामांबद्दल त्या काळी खरोखरच मतभेद होते.

सोव्हिएत बाजूलाही असाच एक माणूस होता, पण त्याला फलक घेऊन उभे राहण्याची मुभा नव्हती. सोव्हिएत हायड्रोजन बाँबचे शिल्पकार आंद्रेई साखारोव्ह यांनी १९५८ मध्ये एका शास्त्रीय लेखात हिशेब मांडला की हवेत होणाऱ्या प्रत्येक मेगाटनच्या स्फोटामागे, मुख्यतः कार्बन-१४ मुळे, पुढच्या कित्येक पिढ्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे बळी पडतील. जुलै १९६१ मध्ये त्यांनी तेव्हा थांबवलेल्या चाचण्या पुन्हा सुरू करू नयेत अशी चिठ्ठी ख्रुश्चेव्ह यांना दिली, तेव्हा भर मेजवानीत सर्वांदेखत ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना सुनावले की राजकारण आमच्याकडे सोडा आणि तुम्ही तुमचे बाँब करा. साखारोव्ह यांनी बाँब केला. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी नोव्हाया झेम्ल्यावर उडालेला ५० मेगाटनचा, आजवरचा सर्वांत मोठा बाँब त्यांच्याच गटाचा होता. स्वतःच्याच हिशेबाने त्या एका स्फोटाचे बळी किती होत होते हे त्या माणसाला पाठ असणार. या विसंगतीचा निवाडा करण्याची माझी योग्यता नाही, परंतु 'शास्त्रज्ञ आणि समाज' या विषयावरचा याहून बोलका प्रसंग मला माहीत नाही.

या स्फोटानंतर दोनच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या सुमारे साठ शहरांत हजारो स्त्रियांनी घरकाम आणि नोकऱ्या एक दिवस बाजूला ठेवून निदर्शने केली. त्यांच्या संघटनेला पुढल्या वर्षी, डिसेंबर १९६२ मध्ये, प्रतिनिधिगृहाच्या अमेरिकाविरोधी कारवायांची चौकशी करणाऱ्या कुप्रसिद्ध समितीने बोलावले. या समितीपुढे भल्याभल्यांची बोबडी वळली होती. इथे मात्र आया कडेवर तान्ही मुले घेऊन आल्या. पहिल्या साक्षीदार बाईचे नाव पुकारताच सगळ्या उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी उभे राहायला मनाई केली, तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांनाही मनाई झाली, तेव्हा साक्षीला जाणाऱ्या प्रत्येकीच्या हातात फुलांचा गुच्छ द्यायला सुरुवात केली. बाळे रडत होती, बाटल्यांतून दूध पाजले जात होते आणि समिती जगापुढे हसे करून घेत होती. वर्तमानपत्रांतल्या व्यंगचित्रकारांना आयता मसाला मिळाला.

मी हे वाचून फार हरखलो होतो, म्हणून स्वतःलाच थोडे आवरतो. करार आयांनी आणि दुधाच्या दातांनी घडवला असे लिहिले तर ते माझ्या जुन्या टीपेइतकेच एकांगी होईल. ऑक्टोबर १९६२ चा क्युबाचा पेच दोन्ही नेत्यांना खोलवर हादरवून गेला होता. रशिया आणि चीन यांच्यात फाटले होते आणि चीनचा बाँब येऊ घातला होता. ब्रिटनचे पंतप्रधान मॅकमिलन कित्येक वर्षे बोलण्यांसाठी धडपडत होते. शिवाय सप्टेंबर १९५७ मध्ये नेवाड्यात पूर्णपणे जमिनीखाली चाचणी करून पाहिल्यावर शस्त्रशाळांना कळून चुकले होते की आपले बरेचसे काम हवा न बिघडवताही होऊ शकते.

हा शेवटचा मुद्दा माझ्या जुन्या प्रश्नाच्या उत्तराचा अर्धा भाग आहे. पाठ्यपुस्तकात उत्तर मिळते ते पडताळणीचे. भूमिगत स्फोट आणि भूकंप यांतला फरक दूरच्या यंत्रांना खात्रीने सांगता येईना, म्हणून प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासणी हवी असे अमेरिकेचे म्हणणे होते. वर्षाला किमान सात तपासण्या हव्यात असे अमेरिका म्हणे, तर रशिया दोन-तीनच्या पुढे जायला तयार नव्हता. सात आणि तीन यांच्यामध्ये सर्वंकष बंदी अडकली. हे सारे खरेच आहे. पण उरलेला अर्धा भाग असा की लोकांचा संताप बाँबवर नव्हता, धुळीवर होता. मासळीत, गवतात, दुधात, दातांत जी उतरत होती ती धूळ. भूमिगत चाचणीतून ती दुधापर्यंत येत नव्हती. २६ जुलै १९६३ रोजी केनेडींनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात हाडांतल्या कर्करोगाने, रक्तातल्या ल्युकेमियाने आजारी पडणाऱ्या मुला-नातवंडांचा उल्लेख केला, आणि आकडेवारीच्या दृष्टीने ही संख्या कुणाला लहान वाटेल पण ती माणसे आहेत, अशा आशयाचे शब्द वापरले. अणुऊर्जा आयोग दहा वर्षे जे नाकारत आला होता ते राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून आले, आणि ते सुगिनामी आणि सेंट लुइस इथल्या भाषेत आले. त्यांनी मागितले ते मिळाले, आणि जे त्यांनी तितक्या जोराने मागितले नव्हते ते सुटून गेले.

अमेरिकी सेनेटने २४ सप्टेंबरला ८० विरुद्ध १९ मतांनी मान्यता दिली, पण सेनापतींनी पाठिंब्याची किंमत म्हणून भूमिगत चाचण्यांचा जोरदार कार्यक्रम पदरात पाडून घेतला होता. आजवर जगात झालेल्या दोन हजारांवर चाचण्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश जमिनीखाली झाल्या आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक सगळ्या या 'बंदी'नंतरच्या आहेत. फ्रान्स आणि चीन यांनी सह्याच केल्या नाहीत. फ्रान्सने १९७४ पर्यंत आणि चीनने १९८० पर्यंत हवेत स्फोट केले. भारताने ८ ऑगस्ट १९६३ लाच सही केली होती, आणि पोखरणच्या चाचण्या भूमिगत असल्याने त्यांनी या कराराचा भंग झाला नाही. सर्वंकष बंदीचा करार १९९६ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, तो अजून अमलात आलेला नाही. करार झाला, धूळ बसली आणि रस्त्यावरची माणसे घरी गेली. त्यांना दोष देता येत नाही, पण 'अणुचाचणी बंदी करार' असे छापताना ही दुसरी बाजू झाकली जाते. पॉलिंग यांना शांततेचे नोबेल जाहीर झाल्याची बातमी १० ऑक्टोबर १९६३ ला आली आणि त्याच दिवशी करार अमलात आला. आपल्या दिनविशेषात त्या तारखेला या दोन नोंदी एकाखाली एक आल्या तर वाचकाला त्यांतला संबंध दिसेल.

रोंगेलॅपच्या लोकांचे काय झाले हेही सांगायला हवे. बेट राहण्याजोगे आहे असे सांगून १९५७ मध्ये त्यांना परत नेले गेले. पुढे त्यांच्यात थायरॉइडचे विकार आणि कर्करोग दिसू लागले, आणि शेवटी १९८५ मध्ये त्यांनी आपणहून बेट सोडले. त्यांच्याकडे ना मतदानाचे बळ होते, ना मासळीबाजार, ना बिल्ले. कराराच्या कोणत्याही कलमात त्यांचा उल्लेख नाही.

आता लिबींच्या कार्बनकडे येतो. चाचण्यांमुळे उत्तर गोलार्धातल्या हवेतले कार्बन-१४ साठच्या दशकाच्या मध्यास जवळजवळ दुप्पट झाले आणि हवेतल्या चाचण्या थांबल्यावर दरवर्षी उतरत गेले, कारण समुद्र आणि झाडे ते शोषून घेत राहिली. आलेखावर हा चढ-उतार इतका रेखीव दिसतो की त्या काळात तयार झालेल्या कोणत्याही ऊतीचे वय त्यावरून काढता येते. दाताच्या कवचातले कार्बन-१४ मोजून एखाद्या माणसाचे जन्मवर्ष दीड-दोन वर्षांच्या फरकाने सांगता येते आणि बेवारस मृतदेहांची ओळख पटवताना त्याचा उपयोग होतो. त्या आलेखातल्या शिखराची जागा म्हणजेच तो करार, आणि त्या दशकांत जन्मलेल्या प्रत्येकाच्या दातांत तो कोरलेला आहे. आपल्या दैनिकाचे अनेक वाचक त्याच वयाचे असतील.

सेंट लुइसमधले सगळे दात त्या वेळी तपासून झाले नव्हते. २००१ मध्ये तिथल्या वॉशिंग्टन विद्यापीठाला आपल्याच मालकीच्या जागेतल्या एका जुन्या लष्करी दारूगोळ्याच्या कोठारात सुमारे ८५ हजार दात सापडले. ते पाकिटांत होते आणि पाकिटांबरोबर आयांनी भरलेली कार्डेही होती. आता सत्तरीकडे झुकलेल्या त्या मुलांना शोधून त्यांच्या प्रकृतीची माहिती घेण्याचे काम संशोधकांनी हाती घेतले आहे.

आपल्या सदराला एका ओळीपेक्षा जागा देता येत नसेल, हे मी समजू शकतो. तसे असेल तर पुढील वर्षीच्या ५ ऑगस्टला त्या ओळीत 'आंशिक' एवढा एक शब्द घालावा, आणि १ मार्चच्या रकान्यात २३ खलाशांच्या त्या नौकेला जागा द्यावी, एवढीच विनंती आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त इतिहास शिक्षक